मामंजींची कर्जतची गाडी

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी एकालाही माझ्या सासऱ्यांच्या हाताखाली संसार करावा लागला नव्हता. मी तो केला, पोशीरला, ऐन उमेदीची वर्षं. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलं आहे, तेव्हा बोलायला हरकत नसावी.

गावात त्यांना आप्पासाहेब म्हणत. आम्ही सुना मामंजी म्हणायचो. उंच, गोरे, सरळ नाकाचे. चार माणसांत उठून दिसायचे. देवानं रूप दिलं आणि पुढं हात आखडता घेतला. भाताची जमीन वडिलांनी ठेवलेली, ती कुळं कसायची. मग मामंजींनी स्वतः आयुष्यात काय केलं, असं कुणी विचारलं तर एकच उत्तर होतं, आणि न विचारताही ते दिवसातून कितीदा तरी कानावर यायचं: "आम्ही रेल्वेत होतो."

रेल्वेत म्हणजे तरुणपणी नेरळच्या मालधक्क्यावर काही महिने गोणी मोजायच्या कामावर. उशिरा येण्यावरून वरच्यानं एकदा झापलं, तसे हे रागारागानं घरी आले ते परत गेलेच नाहीत. हे मला सासूबाईंनी चुलीपाशी, आवाज न चढवता सांगितलं. ओटीवर मात्र मामंजींचं बोलणं ऐकावं तर वाटायचं, बोरघाटाचे बोगदे ह्यांनीच खणले. गावातलं कुणी मुंबईला निघालं की त्याला ओटीवर बोलावून गाडीची वेळ सांगायचे. त्यानं विचारलेली नसायची, आणि ह्यांनी सांगितलेली बरोबर नसायची. "स्टेशनात तर दुसरीच लावलीय" असं तो चाचरत म्हणाला, की हे डोळे मिटून मान हलवायचे. "लावतात. लावायला काय जातं? गाडीचं आम्हाला सांगू नका."

माणसांना ताटकळत ठेवण्यात त्यांना एक खास सुख वाटे. खालापूरला त्यांच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही सगळी आदल्या दिवशीच जाऊन उतरलो होतो. पंगत बसली, पानं वाढली, तूप घेऊन वाढपी निघाला आणि मामंजींचा पाट रिकामा. शोधाशोध झाली. हे मांडवामागं केळीत उभे, उपरणं सावरत. पानावर बोलवायला यजमान स्वतः आले नाहीत, मुलीचा मामा आला, म्हणून रुसले होते. शेवटी मुलीचे वडील, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, घामानं निथळत केळीत गेले आणि हात जोडून उभे राहिले. तेव्हा कुठं स्वारी निघाली. सगळी पंगत, म्हातारी माणसं, पोरंटोरं, निवलेल्या भातापुढं हात मांडीवर ठेवून बसली होती. मामंजींनी सावकाश चित्राहुती घातल्या, पहिला घास घेतला आणि शेजारच्याला म्हणाले, "वरण गार झालंय."

हे झालं मोठ्या माणसांशी वागणं. लहान माणसांशी तर विचारूच नका. ठाकरवाडीवरची भिमी उन्हाळ्यात करवंदं घेऊन दारावर यायची. पहाटे डोंगरात हिंडून, काटे टोचून घेऊन गोळा केलेली. मामंजी चव बघायला म्हणून एक द्रोण मागून घ्यायचे, झोपाळ्यावर बसून पाय हलवत तो अख्खा संपवायचे आणि मग म्हणायचे, "आंबट आहेत. नकोत." दरवर्षी हाच प्रकार. एकदा भिमी टोपली डोक्यावर चढवता चढवता म्हणाली, "पयल्या घासाला नाय रं कळलं तुला, आप्पा? द्रोन सरल्यावर बरी आंबट लागली!" मामंजी केवढे चिडले! फुकट खाल्ल्याचं बोलली ह्याचं त्यांना काहीच नव्हतं. ती 'तू' म्हणाली, ह्याचा राग त्यांना जेवणापर्यंत पुरला.

आणि शूर किती, तेही सांगते. एका पावसाळ्यात दिवेलागणीच्या सुमारास गोठ्यात धडपड ऐकू आली. त्या दिवसांत माथेरानच्या अंगानं बिबट्या उतरल्याची बोलवा होती. मामंजी सासूबाईंना म्हणाले, "तू जा. बाईमाणसावर जनावर जात नाही." कुठल्या पोथीत हे वाचलं होतं, देव जाणे. सासूबाईंनी एका हातात कंदील घेतला, दुसऱ्या हातात मुसळ, आणि गेल्या. मी मागून विळा घेऊन गेले. कालवडीच्या गळ्यात दावं आवळलं होतं, ती पाय झाडत होती. दावं सोडवून आम्ही परत आलो तर घराला आतून कडी. सासूबाईंनी दार वाजवलं. आतून मामंजींचा आवाज आला, "कोण आहे?" बिबट्या दार वाजवून येत असता तर त्यानं नावही सांगितलं असतं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि आम्ही नेतही होतो. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मोरीत भांडी घासताना मामंजींच्या नकला करून हसायचो. जाऊबाई नक्कल फार छान करायच्या. थोरले भावजी मुंबईला नोकरीत. पुढं त्या तिकडं बिऱ्हाडाला गेल्या. तिथं त्यांना क्षय झाला. त्यांची एकुलती एक मुलगी, बनू, आमच्याकडे आणून ठेवली. माझे यजमान पनवेलला शाळेत मास्तर होते, अधूनमधून घरी यायचे. मला मूलबाळ नव्हतं. बनू माझ्या कुशीत झोपायची आणि झोपेत माझी बांगडी धरून ठेवायची.

वर्ष उलटून गेल्यावर भावजींचं कार्ड आलं. डॉक्टरांनी जाऊबाईंना मिरजेला क्षयाच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. अमुक दिवशी दुपारच्या मेलनं निघतो, ती नेरळला थांबत नाही, कर्जतला घाट चढायच्या आधी थांबते. बनूला घेऊन फलाटावर या. जवळ आणू नका, पण दाखवा. तिनं एवढंच मागितलं आहे. सासूबाईंनी कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि पदर डोळ्यांना लावला. 'एवढंच'चा अर्थ आम्हा दोघींना कळला होता. मिरजेहून परत येणारी माणसं थोडी असत.

मामंजींना त्यातून सहल दिसली. "एवढं कर्जतला जायचंच तर जरा कचेरीतही डोकावू," म्हणाले. "मुलीला गाव दाखवू. नदीवर बसून फराळ करू." पंचांग काढलं. तो दिवस प्रवासाला वाईट निघाला. मग आदल्या दिवशी मुहूर्त बघून प्रस्थान ठेवलं. म्हणजे सुपारी नि मूठभर तांदूळ उपरण्यात बांधून गाठोडं शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायचं. आपण घरात बसून राहायचं, पण देवाच्या हिशेबी आपण कालच निघालो. देवालाही आपण ताटकळत ठेवू शकतो, अशी त्यांची खात्री असावी.

बनूला मी न्हाऊ घातलं, सासूबाईंनी तिच्या वेण्यांवर अबोली माळली. तिचा पुढचा दात तेव्हाच पडला होता. तो तिनं कागदात गुंडाळून मुठीत घेतला. "आईला दाखवीन. आणि असं करीन," म्हणाली आणि तोंड उघडून खिंडार दाखवलं. दारात बैलगाडी जुंपून आमचा गडी गोमा उभा. मामंजींचं पागोटं काही केल्या मनासारखं बसेना.

"आप्पा, चला वो," गोमा म्हणाला. "गाडी चुकंल."

"गाडीचं आम्हाला सांगू नकोस. आम्ही रेल्वेत होतो."

मग शेजारी जाऊन गाठोडं घेणं, तिथं पान खाणं, घरात परत पाऊल टाकायचं नाही म्हणून विसरलेली छत्री मला आणायला लावणं. गोम्यानं बैल पिटाळले म्हणून नेरळला गाडी मिळाली. कर्जतला उतरलो तेव्हा मेलला अजून अवकाश होता. मी मनात गोम्याला दुवा दिला. फलाटावर बाकावर आम्ही दोघी बसलो, मधे बनू. आता इथून हलायचं नाही, असं सासूबाई मला डोळ्यांनी म्हणाल्या.

मामंजी उभेच होते. छत्री टेकत म्हणाले, "चल गं बने, तुला कचेरी दाखवतो. पेढा घेऊन देतो."

सासूबाई नवऱ्यापुढं सहसा तोंड उघडायच्या नाहीत. त्या दिवशी उघडलं. "अहो, पोरीला राहू द्या. तुम्ही या जाऊन."

"तुला गाडीतलं काय कळतं?" मामंजी म्हणाले. "घाटाची गाडी ही. कर्जतला उभी राहते. पुढचं इंजिन काढतात, घाटाचं जोडतात, मागं आणखी लावतात, पाणी भरतात. तोवर माणूस नदीवर आंघोळ करून येईल. शिट्टी ऐकू आली की आम्ही हजर."

"मामंजी, मी ठेवून घेते तिला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं ते छताचा वासा बोलल्यासारखं. बनूचं बोट धरलं आणि निघाले. नात गोरी होती, परकर नवा होता. कचेरीतल्या लोकांना दाखवायला ती त्यांना हवी होती, एवढंच. पुलापाशी बनूनं वळून आम्हाला मूठ हलवून दाखवली.

एक वयस्क हमाल बाकाशेजारी टेकला होता. आमची कुजबुज ऐकून म्हणाला, "कुनाची वाट बघताव, आजी?"

सासूबाईंनी सांगितलं. मामंजींचं इंजिनाचं शास्त्रही सांगितलं. हमालानं विडी फेकून दिली आणि उठलाच. "त्ये मागलं झालं, आजी. आता विजेचं इंजिन हाय. पुढलं बदलायचं नाय, पानी नाय का कोळसा नाय. मागं इंजिन लागलं का सुटली. पोरगी कुठं हाय?"

मी कचेरीची वाट दाखवली. तो डोक्याचं मुंडासं आवळत धावत सुटला. मी मागं निघाले तर सासूबाईंनी माझा हात धरला. "तू नको जाऊस," म्हणाल्या. "मी एकटीच दिसले तर तिला काय वाटेल?"

गाडी आली. धूर नाही, काही नाही, एकदम येऊन उभीच राहिली. भावजी दारातून उडी मारून उतरले. खिडकीत जाऊबाई होत्या. मी ओळखलं ते कुंकवावरून. चेहऱ्यात ओळखण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. त्यांनी आम्हाला बघितलं आणि हसल्या. मग त्यांची नजर खाली गेली, माझ्या निऱ्यांकडे. मग सासूबाईंच्या मागं. पुन्हा माझ्या मागं. लाजून लपली असेल असं त्यांना वाटलं. मान वाकडी करून, हसत, त्या माझ्या पदराआड शोधत होत्या. "बने," म्हणाल्या. "अगं, दिसलीस गं मला. ये पुढं."

सासूबाई म्हणत राहिल्या, "येतेय गं, येतेय. ही बघ, आत्ता येतेय." मी मागं रस्त्याकडे बघत होते. भावजी "कुठाय? कुठाय ती?" करत फलाटाच्या टोकाशी धावत गेले आणि परत आले. मागं इंजिन लागल्याचा धक्का बसला. जाऊबाईंचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांना कळलं होतं. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात बाहेर काढला. कुणासाठी काढला, त्यांनाही माहीत नसावं.

मागचं इंजिन फलाटाबाहेर पडलं आणि इकडून हमाल धापा टाकत आला. एकटाच. त्याच्या मागून, दोन्ही बाजूंची दुकानं न्याहाळत, मामंजी. बोट धरून बनू, तोंडाला पेढा लागलेला.

"म्या सांगितलं वो," हमाल सासूबाईंना म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ह्या परक्या माणसाच्या. "म्हनलं, पोरीला द्या माज्या खांद्याव, पळत नेतो. तर म्हनले, हात लावू नको. म्हनलं, मंग तुमी तरी पळा. तर म्हनले, आमी पळत नसतो."

मी मामंजींच्या तोंडाकडे बघितलं. मला खरंच बघायचं होतं, आता तिथं काय दिसतं ते. तिथं राग होता. "वेळेच्या आधी सोडली!" ते म्हणाले आणि तरातरा स्टेशनमास्तरच्या खोलीत गेले. तेव्हा मात्र पावलं भराभर पडली. आतून मोठमोठ्यानं आवाज आला, "आम्ही रेल्वेत होतो" हेही आलं. मग मास्तरचा थंड आवाज. बनू माझ्या पदराला ओढत विचारत होती, "काकू, आई कुठल्या डब्यातून उतरणार?" दाताची पुडी मुठीत घामानं भिजली होती.

त्यानंतर आम्ही नदीवर गेलो. ठरलं होतं ना! मामंजींनी पाय धुतले, पंचा अंथरून बसले आणि दशम्या सोडायला सांगितल्या. आम्हा दोघींना घास उतरेना. त्यांनी आमच्या वाटणीच्याही खाल्ल्या आणि सासूबाईंना म्हणाले, "चटणीत मीठ कमी आहे." आयुष्यात मी अनेक माणसांवर रागावले आहे. पण किळस म्हणतात ती मला एकदाच आली, उल्हास नदीच्या काठी, त्या माणसाला बोटं चाटताना बघून.

जाऊबाई त्या पावसाळ्यातच मिरजेला वारल्या. भेटायला माणसं यायला लागली. ओटीवर मामंजी उपरण्यानं डोळे टिपत सांगत होते, "एवढं मात्र बरं झालं, मायलेकींची भेट झाली. मी स्वतः नेलं होतं मुलीला कर्जतला." मी ताकाचे पेले घेऊन दारात उभी होते. वाटलं, म्हातारपणानं डोकं फिरलं. तर तसं नव्हतं. माझी नजर चुकवून सांगत होते. डोकं शाबूत होतं.

मग बनू ती गोष्ट मागायला लागली. रोज संध्याकाळी त्यांच्या मांडीवर बसून, "आजोबा, कर्जतच्या गाडीची सांगा." आणि ते सांगायचे. आई खिडकीत होती. तिनं बनूला जवळ बोलावलं. तिनं दात बघितला. दर खेपेला काहीतरी वाढायचं. आज गालाला हात लावला, उद्या वेणीतली अबोली हुंगली. सासूबाई गोष्ट सुरू झाली की उठून आत जायच्या आणि चुलीत लाकडं सारत बसायच्या, स्वयंपाक झालेला असला तरी. एकदा त्या नुसतं "अहो, पुरे" म्हणाल्या. मामंजी म्हणाले, "का? पोरीला आईची आठवण नको?" ह्यावर बोलणं कठीण होतं. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

बनू मोठी होत गेली. मी पनवेलला बिऱ्हाड करायला निघाले त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. त्यानंतर मी मामंजींना पाहिलं नाही. थंडीत ते गेले आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या संध्याकाळी ते झोपाळ्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. बनू खाली जोत्यावर बसून परकराला टीप घालत होती. गोष्ट चालली होती. बनू मधेच थांबली. सुई तशीच हातात.

"काकू, तू होतीस ना तिथं?" ती म्हणाली. "आईनं खरंच माझ्या गालाला हात लावला? मला कधी आठवतं, कधी नाही आठवत."

अडकित्ता थांबला. मामंजींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली, चांगली उघडी भीती. ती बघायला मिळावी अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. मिळाली, तर मधे बनू बसलेली, तोंड वर करून.

"हो गं," मी म्हटलं. आणि एक खरी गोष्ट होती तीही सांगितली. "तुला बघायला तिनं मान केवढी वाकडी केली होती. आणि हसत होती."

बनूचा चेहरा निवला. मी मामंजींकडे बघितलं. वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. आता तरी उठून आत जाईल. पण सुपारीचं खांड फुटायच्या आत त्यांची भीती गेली होती.

"बघ!" ते बनूला म्हणाले. "मी काय सांगत होतो?" झोपाळ्याला पायानं एक झोका दिला, सुपारी तोंडात टाकली आणि गाडी पुन्हा कर्जतच्या फलाटावर उभी केली.